टाचेचं वळण

बाळंतविड्यातल्या लोकरीच्या मोज्याला खरी टाच नसते. दोन सुयांवर विणलेला तो सपाट तुकडा असतो. १० नंबरच्या सुयांवर ३२ टाके घालायचे आणि दोन सुलट, दोन उलट अशी चार-पाच सेंटीमीटर बॉर्डर विणायची. मग रिबिनीसाठी भोकांची एक ओळ: दोन सुलट, सुईवर धाग्याचा एक वेढा, दोन टाके एकत्र, असं शेवटपर्यंत. परतीची ओळ उलट. पुढे फक्त मधल्या १० टाक्यांवर १८ ओळींची जीभ विणायची, जिभेच्या दोन्ही कडांवरून नऊ-नऊ टाके उचलायचे आणि जमलेल्या ५० टाक्यांवर दहा-बारा ओळी विणून टाके बंद करायचे. तळव्याखाली आणि मागे शिवण घातली, घोट्याशी रिबीन ओवली की मोजा तयार. टाचेच्या जागी वीण नुसती दुमडलेली असते. मोजा पायात राहतो तो रिबिनीमुळे. बाळ अजून उभं राहत नाही, म्हणून एवढ्यावर भागतं.

या मोज्यात जपायचं ते आतल्या बाजूला. रंगीत नक्षी घातली की आतून धागे लोंबतात आणि बाळाचं इवलं बोट त्यांत अडकतं. धागा बोटाभोवती आवळला गेला तर रक्तपुरवठाच थांबतो, आणि मोजा पायात असेपर्यंत ते कुणाला दिसत नाही. म्हणून बाळाच्या मोज्याला नक्षी असलीच तर ती वरून भरलेली असावी, आतले शेंडे वीणीत मुरवलेले असावेत आणि रिबीन मागच्या बाजूला दोन टाके घालून पक्की केलेली असावी.

सपाट विणून शिवण्याला कमी प्रतीचं समजायचं कारण नाही. १५८९ साली इंग्लंडमध्ये विल्यम ली यांनी मोजे विणायचं पहिलं यंत्र तयार केलं, तेही सपाट तुकडाच विणत असे आणि तो मागून शिवावा लागे. प्रश्न फक्त शिवण कुठे येते हा असतो. बाळाच्या तळव्याखाली ती चालते, मोठ्या माणसाच्या तळव्याखाली बुटात ती दिवसभर टोचत राहते.

मोठ्या माणसाचा मोजा म्हणजे पोटरीवरून उतरणारी नळी. घोट्याशी येऊन ती काटकोनात वळते आणि बोटांकडे जाते. वळताना बाहेरच्या अंगाला, म्हणजे टाचेकडे, कापड जास्त लागतं आणि आतल्या अंगाला, पावलाच्या पाठीवर, कमी. शिवणकामात हे डार्ट देऊन (कापडाला चिमटा घेऊन) किंवा कळी घालून (तिकोनी तुकडा जोडून) साधतात. विणकामात कात्री नसते, सगळं टाक्यांच्या संख्येतूनच करावं लागतं. मोजे विणण्याच्या जितक्या पद्धती आज विणणाऱ्यांमध्ये चालतात, त्या बहुतेक या एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत: टाचेसाठी जास्तीचं कापड आणायचं कुठून? बॉर्डर, नक्षी, रंग हा आवडीचा भाग. टाच मात्र आवडीवर सोडू नये, ती पावलाला विचारून ठरवावी.

पावलाला विचारायचं म्हणजे टेप घेऊन तीन मापं घ्यायची, आणि तीही उभं राहून, कारण वजन आलं की पाऊल पसरतं. पहिलं माप चवड्याचा घेर. दुसरं टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी. तिसरं माप बहुतेक जण घेत नाहीत आणि तिथेच फसतात: टाचेच्या टोकापासून तिरकं वर जाऊन पावलाच्या आणि नडगीच्या बेचक्यातून परत टाचेपर्यंतचा घेर. मोजा पायात चढताना त्याला याच घेरावरून जावं लागतं. चवडा २३ सेंटीमीटर असलेल्या पावलाचा हा घेर बहुधा ३० च्या पुढे भरतो. चवड्यापेक्षा तो १० सेंटीमीटरनी किंवा त्याहून मोठा निघाला, तर पाऊल उंच पाठीचं आहे असं धरावं. अशा पावलाला कळीची टाच लागते. पाऊल सपाट असेल तर बाकीच्या पद्धतींना मोकळीक आहे.

टाक्यांचा हिशोब सोपा आहे. मोज्याची वीण १० सेंटीमीटरला ३२ टाके आणि ४४ फेऱ्या अशी दाट हवी. स्वेटरची सैल वीण मोज्यात महिनाभरात विरते. मोजा पायावर थोडा ताणून बसला पाहिजे, म्हणून चवड्याच्या घेरातून १० टक्के वजा करायचे. २३ चे उरतात २०.७ सेंटीमीटर, म्हणजे ६६ टाके. दोन-दोनच्या बॉर्डरला चारने भाग जायला हवा म्हणून ६४. लांबीतूनही एक सेंटीमीटर कमी करायचा. नमुन्याचा तुकडा सपाट विणून मापू नये. उलट्या ओळी बहुतेकांच्या हातून सैल येतात आणि गोल विणताना त्या ओळी नसतातच, त्यामुळे माप चुकतं.

सुयांच्या नंबरांनी परदेशी पॅटर्न वापरणाऱ्यांची हमखास फसगत होते. आपल्याकडे चालतात ते जुने ब्रिटिश नंबर: नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर, १२ म्हणजे २.७५, १३ म्हणजे २.२५. अमेरिकेत नेमकं उलट आहे, तिथली १ नंबर २.२५ ची आणि ३ नंबर ३.२५ ची. नातवंडासाठी विणायला सुया तिकडून मागवल्या तर नंबर सांगू नये, मिलिमीटर सांगावेत. मोज्यांना २.२५ किंवा २.५ ची सुई योग्य. दोन्ही बाजूंना टोक असलेल्या पाच सुयांचा संच घ्या किंवा ८० ते १०० सेंटीमीटर वायरची एकच गोल सुई घेऊन वायरीचा फासा बाहेर काढत विणा, मोज्यात फरक पडत नाही. सुया जिथे जोडल्या जातात तिथे शिडीसारखी सैल रेघ दिसू लागली, तर नवीन सुईवरचा पहिला टाका करकचून ओढण्यात अर्थ नाही. तो ओढलेला धागा परत सरकतो. दुसरा टाका विणताना धागा ओढावा, तेव्हा पहिला जागच्या जागी बसतो.

वरून सुरू होणारा मोजा आधी, कारण त्याच्यावरून बाकी सगळे कळतात. ६४ टाके सैल घालायचे. सैल म्हणजे जाड सुईवर नव्हे. जाड सुईने टाक्यांची भोकं मोठी होतात, काठ मात्र ताणला जात नाही. टाके त्याच सुईवर घालावेत आणि दोन टाक्यांमध्ये एका टाक्याएवढी जागा सोडावी. काठ टेपवर धरून ताणून बघायचा, तिसऱ्या मापाइतका ताणला गेला नाही तर तिथेच उसवून पुन्हा घालायचा. गोल जोडताना टाके पिळलेले नाहीत ना हे एकदा पाहून घ्यावं. पाच सेंटीमीटर बॉर्डर, मग हवी तेवढी पोटरी. इथे सांगण्यासारखं फारसं काही नाही.

टाचेची पट्टी निम्म्या, म्हणजे ३२ टाक्यांवर, पुढे-मागे सपाट विणतात. उरलेले ३२ पावलाच्या पाठीचे, ते सुईवर थांबून राहतात. सुलट बाजूच्या ओळीत एक टाका न विणता उचलायचा, एक सुलट, असं आलटून पालटून. उलट बाजूच्या ओळीत पहिला टाका उचलायचा आणि बाकीचे उलट. उचललेल्या टाक्यामागून धागा आडवा जातो, त्यामुळे पट्टी दुहेरी जाडीची होते आणि बुटाच्या घर्षणाला टिकते. टाका उचलताना धागा मागेच राहिला पाहिजे. तो पुढे आला की सुलट बाजूवर आडव्या रेघा दिसतात, आणि त्या चार ओळी पुढे गेल्यावर लक्षात येतात. अशा ३२ ओळी विणल्या की पट्टीच्या प्रत्येक कडेला साखळीचे १६ दुवे तयार होतात. उंच पाठीच्या पावलाला हव्या असतात त्या याच ओळी: ३६ ओळी विणा, १८ दुवे मिळतील, कळी तेवढी मोठी होईल. ही पद्धत मला सर्वांत प्रामाणिक वाटते ती याचसाठी. पाऊल बदललं की एकच आकडा बदलावा लागतो आणि बाकीचा हिशोब आपोआप मागोमाग येतो.

मग टाचेचं वळण. पहिल्यांदा विणणाऱ्याला इथे काय चाललंय ते कळत नाही. कळायची वाट न पाहता हात सांगितल्याप्रमाणे चालवावेत, सहा ओळींनंतर सुईवर वाटी दिसू लागते. ३२ टाक्यांपैकी १८ सुलट विणायचे, पुढचे दोन डावीकडे झुकवून एकत्र, आणखी एक सुलट, आणि वळायचं. डावीकडे ११ टाके तसेच राहतात. आता उलट बाजू: पहिला उचलायचा, ५ उलट, दोन एकत्र उलट, एक उलट, वळायचं. या बाजूलाही ११ राहतात. इथून पुढे विणलेल्या आणि न विणलेल्या टाक्यांमध्ये एक फट स्पष्ट दिसते. दरवेळी फटीच्या अलीकडच्या एका टाक्यापर्यंत विणायचं, फटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन एकत्र, त्यानंतर एक, आणि वळायचं. मोजत बसायची गरज नाही, फट पाहायची. शेवटच्या दोन ओळींत जोडीनंतर विणायला टाका उरत नाही, ते बरोबरच आहे. सुईवर १८ टाके राहिले पाहिजेत. १७ किंवा १९ राहिले तर एखादी जोडी चुकली आहे, आणि ती शोधण्यापेक्षा वळण उसवून पुन्हा विणणं लवकर होतं.

डावीकडे झुकणारी जोडी म्हणजे दोन टाके एकेक करून सुलट विणायला घालावी तशी सुई घालून उचलायचे, दोन्ही परत डाव्या सुईवर ठेवायचे आणि मागच्या पायांतून, म्हणजे टाक्यांच्या सुईमागच्या अंगातून, एकत्र विणायचे. साधे दोन एकत्र विणले तर ते उजवीकडे झुकतात. वाटीच्या दोन्ही कडा एकमेकींची आरशातली प्रतिमा दिसायला हव्या असतील तर हा भेद पाळावा लागतो.

आता कळी. पट्टीच्या कडेवरच्या १६ दुव्यांतून १६ टाके उचलायचे, सुई दुव्याच्या दोन्ही पायांखालून घालून. एकाच पायातून उचलला की तो ताणला जाऊन जाळी दिसते. पट्टी आणि पावलाची पाठ जिथे भेटतात त्या कोपऱ्यात हटकून भोक पडतं, कारण तिथला एकच टाका दोन दिशांनी ओढला जातो. त्या कोपऱ्यात खालच्या ओळीतून आणखी एक टाका उचलावा आणि पुढच्या फेरीत तो पिळून विणावा. आता हिशोब असा: वाटीचे १८, दोन्ही कडांचे १७ आणि १७, पाठीचे ३२, मिळून ८४. एक फेरी साधी, एक फेरी दोन टाके कमी करण्याची. पाठीच्या टाक्यांआधी तीन टाके उरले की दोन एकत्र, एक सुलट. पाठ सरळ विणून झाली की एक सुलट, मग डावीकडे झुकणारी जोडी. अशा १० कमी करण्याच्या फेऱ्या झाल्या की पुन्हा ६४. त्या २० फेऱ्यांत जी तिकोनी कळी तयार होते, तीच पावलाच्या उंचवट्याला जागा देते.

पावलाची लांबी टाचेच्या मागून मोजत एकूण मापाच्या साडेचार सेंटीमीटर आधी थांबवायची, कारण पंज्याच्या टोकाला २० फेऱ्या लागतात. वरचे ३२, खालचे ३२ असे दोन भाग करून प्रत्येक भागाच्या दोन्ही टोकांना एकेक टाका सोडून कमी करायचं, एका फेरीत चार टाके. ६४ चे ३२ होईपर्यंत एक फेरी सोडून, ३२ चे १६ होईपर्यंत प्रत्येक फेरीत. उरलेले आठ-आठ टाके शिवणीच्या सुईने असे जोडायचे की जोड म्हणजे विणलेलीच एक ओळ वाटावी. इंग्रजीत या जोडाला किचनेरचं नाव आहे. १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानच्या सैन्याचे सरसेनापती असलेल्या लॉर्ड किचनेरशी ते जोडलं जातं. पुस्तकांत त्याच्या चार पायऱ्या लांबलचक लिहिलेल्या असतात. हाताला लागतं ते एवढंच: पुढच्या सुईवर सुलट काढ, उलट ठेव, मागच्या सुईवर उलट काढ, सुलट ठेव. काढ म्हणजे टाक्यातून सुई घालून तो सुईवरून उतरव, ठेव म्हणजे सुई घाल पण टाका राहू दे. सुरुवातीला फक्त एकदा पुढे ‘उलट ठेव’, मागे ‘सुलट ठेव’. मध्येच कुणी हाक मारली तर ओळखायला खूण अशी: ज्या टाक्यातून धागा आधी एकदा गेलेला आहे, तोच आता उतरायचा आहे.

दुसरी मोठी पद्धत अर्ध्या ओळींची. कळी नाही, पट्टी नाही. ३२ टाक्यांवर एक ओळ विणायची, वळायचं, परत यायचं, पण दरवेळी कडेचा एक टाका सोडून द्यायचा. दोन्ही बाजूंना ११-११ सुटले आणि मध्ये १० राहिले की उलट प्रवास, सुटलेले एकेक करून परत घेत. कापडाचा एक खोलगट कप्पा तयार होतो, बाजारातल्या मशिनच्या मोज्यासारखा. वळताना भोक पडू नये म्हणून जर्मन रीत सर्वांत सोपी: वळायचं, धागा पुढे आणून पहिला टाका उचलायचा आणि धागा सुईवरून मागे ताणून ओढायचा. टाक्याचे दोन पाय वर येतात आणि तो जुळ्यासारखा दिसतो. परत येताना दोन्ही पाय एकच टाका समजून विणायचे. दिसायला ही टाच देखणी असते, रंग बदलणाऱ्या लोकरीचे पट्टेही तिच्यात सुंदर वळतात. पण तिच्यात कळी नसल्यामुळे पावलाच्या पाठीवर ती आवळते. मोजा चालता चालता खाली घसरून बुटात गोळा होतो तो बहुधा याच टाचेचा, आणि दोष मात्र बॉर्डरला दिला जातो. उपाय आहे. टाचेआधीच्या सहा फेऱ्यांत एकेक फेरी सोडून, टाचेच्या टाक्यांच्या दोन्ही कडांना एकेक टाका वाढवायचा. ३२ चे ३८ होतात. टाच ३८ वर विणायची, मध्ये १२ ठेवायचे, आणि टाच झाल्यावर सहा फेऱ्यांत ते सहा टाके परत कमी करायचे. ही छोटी कळीच आहे, फक्त लपलेली.

तिसरी पद्धत मागाहून टाच बसवण्याची. टाचेच्या जागी आल्यावर ३२ टाके वेगळ्या रंगाच्या टाकाऊ धाग्याने विणायचे, ते परत डाव्या सुईवर घेऊन मूळ लोकरीने पुन्हा विणायचे आणि सरळ नळी विणत बोटांपर्यंत जायचं. शेवटी तो टाकाऊ धागा हळूच काढला की मोज्याला आडवं तोंड उघडतं. वरचे-खालचे टाके सुईवर घ्यायचे, दोन्ही कोपऱ्यांत दोन-दोन जास्त उचलायचे म्हणजे ६८ होतात, आणि पुढच्या फेरीत ते चार कोपऱ्यांतच एकत्र विणून ६४ करायचे. चार फेऱ्या साध्या. मग पंज्यासारखं चार-चार कमी करत २४ वर आणायचे आणि तोच काढ-ठेवचा जोड द्यायचा. साध्या चार फेऱ्या बरेच पॅटर्न देत नाहीत, आणि त्यामुळेच ही टाच उथळ असते असं तिच्याबद्दल पसरलं आहे. ही टाच टाकाऊ धाग्याच्या ओळीच्या मागे साडेपाच सेंटीमीटर जाते. ते लक्षात न घेता पावलाची नळी विणली तर मोजा तेवढाच लांब होतो. अमेरिकेत राहिलेल्या एलिझाबेथ झिमरमन यांनी टाकाऊ धाग्याशिवायच, विणलेल्या नळीतला एक टाका कापून तिथे टाच बसवायची धिटाई शिकवली. पहिल्या खेपेस मात्र टाकाऊ धागाच बरा.

बोटांकडून सुरुवात करायची रीत नवी समजली जाते, पण इजिप्तमध्ये सापडलेले मध्ययुगीन विणलेले मोजे, निळीत रंगवलेल्या आणि पांढऱ्या सुताचे, पंज्याकडूनच सुरू केलेले आहेत. त्याहून जुने, इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या आसपासचे, इजिप्तमधलेच लाल लोकरीचे मोजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ते दोन सुयांवरचे नाहीत, एकाच सुईने फाशात फासा ओवून केलेले आहेत. त्यांचा अंगठा वेगळा आहे, कारण ते पट्ट्याच्या चपलेत घालायचे होते. आपल्याकडे बायका चपलेत घालतात त्या अंगठ्याच्या मोज्यांची गरज तीच.

आज बोटांकडून सुरुवात करताना ज्युडी बेकर यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेली रीत बहुतेक जण वापरतात. दोन सुया समांतर धरून धाग्याचं शेपूट एका सुईवर आणि गुंड्याकडचा धागा दुसरीवर आळीपाळीने गुंडाळायचा, प्रत्येकीवर १२ होईपर्यंत. मध्ये शिवण नाही, जोड नाही. पहिल्या फेरीत एका सुईवरचे टाके पिळलेले वाटले तर मागच्या पायातून विणावेत. एक फेरी सोडून चार-चार वाढवत १० वाढीच्या फेऱ्यांत ६४. कळी हवी असेल तर एकूण लांबीच्या आठेक सेंटीमीटर आधी दोन्ही कडांना वाढ सुरू करायची. या रीतीचा मोठा फायदा लोकरीचा आहे. १०० ग्रॅमची लड स्वयंपाकघरातल्या काट्यावर ५०-५० करून घेतली की लोकर संपेपर्यंत पोटरी वाढवता येते. मोजा विणता विणता पायात घालून बघता येतो. धोका शेवटी आहे: टाके नेहमीसारखे बंद केले तर काठ आवळतो आणि सगळं चांगलं विणलेलं पायात चढतच नाही. प्रत्येक सुलट टाक्याआधी सुईवर उलट्या दिशेने एक वेढा घ्यायचा, टाका विणून वेढा त्याच्यावरून उतरवायचा, मगच टाका बंद करायचा. उलट्या टाक्याआधी वेढा नेहमीच्या दिशेने.

लोकरीबद्दल. मोज्यासाठी खास मिळणाऱ्या धाग्यात बहुतेक ७५ टक्के मेरिनो आणि २५ टक्के नायलॉन असतं. १०० ग्रॅमला ४०० मीटरच्या आसपास लांबी, आणि मध्यम उंचीच्या जोडीला ७० ते ९० ग्रॅम पुरतात. आपल्या दुकानांत मुख्यतः ॲक्रिलिक मिळते. ‘फोर प्लाय’ लिहिलं म्हणून सगळ्यांची जाडी सारखी नसते, पदर चार असले तरी प्रत्येक पदर किती जाड हे कंपनीवर असतं. वेष्टनावर ग्रॅमला किती मीटर ते बघावं. ॲक्रिलिक घाम शोषत नाही आणि उष्णतेने वितळते, म्हणून चुलीशी किंवा शेकोटीशी बसणाऱ्याच्या पायात ती नको. सुती धागा आपल्या हवेला बरा, पण तो ताणला की परत येत नाही. सुती मोज्याला घेरातून १० ऐवजी १५ टक्के कमी करावेत आणि पूर्ण पोटरीला दोन-दोनची बॉर्डरच विणावी. महाराष्ट्रातली स्वतःची लोकर म्हणजे धनगरांच्या दख्खनी मेंढीची. तिचे तंतू आखूड आणि भरड, घोंगडीला उत्तम, पायाला खुपणारे. हिमाचल प्रदेशातल्या लाहौलच्या विणलेल्या मोज्यांना भौगोलिक मानांकन आहे. मनालीकडे गेलेली आपली माणसं ते घेऊन येतात. १९व्या शतकात लाहौलमधल्या केलाँगला आलेल्या मोरावियन मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना सुयांवरचं विणकाम शिकवलं. असा मोजा घेताना नक्षी बघून झाली की तो उलटा करून टाच आणि आतले धागे बघावेत.

झीज कुठे होते हेही पावलावरच ठरतं. बुटात राहणाऱ्या पायाचा मोजा टाचेच्या मागे विरतो, तिथे उचललेल्या टाक्यांची पट्टी कामी येते. आपल्या घरांत मात्र मोजे घालून फरशीवर चाललं जातं, आणि तो मोजा टाचेच्या तळाशी आणि अंगठ्याखालच्या गादीशी विरतो. पट्टीची दुहेरी वीण त्या जागेपर्यंत पोचतच नाही. म्हणून घरात घालायच्या मोज्यात वळणाच्या सुलट ओळींतही एक उचल, एक सुलट हीच वीण चालू ठेवावी, आणि वळणापासून कळीच्या अर्ध्यापर्यंत लोकरीबरोबर बारीक नायलॉनचा एक धागा जोडीने विणावा. गुळगुळीत फरशीवर मोजा घसरतो. वयस्कर माणसासाठी विणत असाल तर तळव्याला रबरी ठिपके हवेतच.

टाच विरू लागली की भोक पडायची वाट पाहू नये. वीण उजेडाकडे धरली आणि टाक्यांतून प्रकाश दिसू लागला की तीच वेळ. त्या टप्प्यावर शिवणीच्या सुईने जुन्या टाक्यांच्या वाटेवरूनच नवा धागा फिरवता येतो, प्रत्येक टाक्याच्या दोन पायांखालून जाऊन परत त्याच भोकात. भोक पडल्यावर मात्र आडवे-उभे धागे घालून रफू करावं लागतं आणि त्याची गाठ बुटात लागते. मागाहून बसवलेली टाच असेल तर रफूही नको. ती टाच उसवायची, ६४ टाके सुईवर घ्यायचे आणि नवी विणायची.

त्यासाठी त्याच लोकरीचा धागा हाताशी लागतो. मोजे पूर्ण झाल्यावर उरलेल्या लोकरीतून १० ग्रॅमची छोटी लड बांधावी आणि मोजे धुवाल तेव्हा प्रत्येक वेळी तीही सोबत धुवावी, म्हणजे रंग दोघांचा सारखाच उतरतो. लडीला एक चिठ्ठी बांधावी आणि धुताना ती काढून ठेवावी: सुईचा मिलिमीटर, टाके ६४, पट्टीच्या ओळी ३६, कळी १९-१९, पंजा २० फेऱ्या, आणि मोजा कोणाच्या पायाचा.